कलम चार आणि अलकाताईंची फियाट

नंदकिशोर कारखानीस घरात बोलत नसत. भांडण होतं, अबोला होता, असलं काही नाही हो. माणूस सरळ, निर्व्यसनी, पानात पडेल ते मुकाट्याने खाणारा. पण तोंडात कायमची मिठाची गुळणी. सकाळी "येतो", संध्याकाळी "आलो", जेवताना "पुरे". विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांच्या खात्यात अधिकारी होते. दिवसभरात कागदांवर इतके शब्द खर्ची पडायचे, की घरी आणायला काही उरत नसावं. अलकाताईंनी लग्नानंतर आधी रागावून पाहिलं, मग रडून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. "आमच्याकडे रेडिओ आहे, म्हणून बरं आहे," असं त्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना सांगायच्या. बायका हसायच्या, आणि ताईसुद्धा हसायच्या.

पण वर्षातून एक दिवस असा यायचा, की हा माणूस सकाळपासून दुपारपर्यंत थांबायचं नाव घेत नसे. तो दिवस म्हणजे फेब्रुवारीतली रॅली.

साताऱ्याची ही बाई जयपुरात येऊन रॅलीत गाडी कशी चालवायला लागली, ते आधी सांगायला हवं. घरात फियाट होती, शहाऐंशी सालची, सायीच्या रंगाची, स्टिअरिंगवर गिअर असलेली. घेतली होती नंदकिशोररावांनी, पण ते ती चालवत नसत. आयुष्यभर चेपलेल्या, उलटलेल्या, झाडाला मिठी मारलेल्या गाड्यांचे फोटो पाहिलेला माणूस तो. चाकामागे बसायचं म्हटलं की त्याला समोर रस्ता दिसायचाच नाही, दाव्याचा अर्ज दिसायचा. विद्याधर नगरच्या क्वार्टरखाली गाडी धूळ खात उभी राहायला लागली, तेव्हा ताईंनी एके दिवशी पदर खोचला. चाळिशीला टेकलेली बाई, शिकवणारा भैया विशीतला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका भाजीवाल्याची हातगाडी आडवी केली, त्याला भरपाई दिली, त्याच्याचकडून मटार घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी काढली. महिन्याभरात अशी चालवायला लागल्या, की भैयाच म्हणाला, "आंटीजी, अब मैं आपसे सीखूँगा."

कॉलेजात जाणारी लेक अनुया हिने एकदा शहरातल्या हौशी मोटार क्लबाची जाहिरात आणली. "आई, मतलब तू ट्राय तर कर!" तिचं मराठी असंच, अर्धं इथलं, अर्धं तिथलं.

या रॅलीत सुसाट जाणारा जिंकत नाही. कुठल्या टप्प्यात ताशी किती वेगाने जायचं, ते आयोजक ठरवून देतात. वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ घेऊन माणसं बसलेली असतात. उशिरा पोचलात तर गुण कापले, लवकर पोचलात तर दुप्पट कापले. चालवणाऱ्याच्या शेजारी वाट सांगणारा बसतो. तो आकडे जुळवत राहतो आणि बोलत राहतो. बोलावंच लागतं, नाहीतर गाडी चुकते.

तर अलकाताई चालवायच्या आणि नंदकिशोरराव शेजारी बसून बोलायचे. "पुढे कडुलिंब दिसेल, तिथून डावीकडे. जरा सावकाश. हं, आता सोड. छान घेतलंस वळण." अहो, छान घेतलंस! या माणसाने पुरणपोळीला कधी छान म्हटलेलं नव्हतं. आणि एकदा जीभ सुटली की वाटेच्या खुणांबरोबर इतरही काही बाही यायचं. तो बघ मोर. या गावाची विहीर केवढी मोठी आहे. माझ्या आजोळी अशीच होती. त्यांच्या आजोळी विहीर होती, हे ताईंना लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर जोबनेरच्या रस्त्यावर कळलं. बक्षीस त्यांना कधीच मिळालं नाही, एकदा तिसऱ्या आल्या तेवढंच. पण ताई त्या दिवसाची वाट दिवाळीसारखी बघायच्या, आणि ती कशासाठी, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही.

क्लबाने नंदकिशोररावांमधला विमावाला लगेच हेरला आणि नियम लिहायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते असं केलं, की पान उलटावं तिथे 'वगळून', 'याखेरीज', 'सदर अटीस अधीन राहून'. त्यातलं कलम चार सगळ्यांना पाठ होतं. एका वर्षी कुणीतरी जीपचं छप्पर कापून, भलतीच चाकं लावून आणली होती. तेव्हा रावांनी लिहिलं: गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच असावी. मालकाने तिच्या सांगाड्यात कापलेलं, जोडलेलं किंवा डागलेलं काहीही चालणार नाही. त्या कलमाने भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती.

दोन हजार सहा साल उजाडलं. जानेवारीत बदलीचा हुकूम आला, औरंगाबादला. मे महिन्यात बोजा बांधायचा. बदलीच्या नोकरीत संसार केलेल्या बाईला हुकुमाचं काही वाटत नाही. ताईंनी कपाटावरच्या ट्रंका खाली काढल्या आणि मनात एकच हिशेब केला, की फेब्रुवारीची रॅली शेवटची. पुन्हा कुठला क्लब आणि कुठली रॅली. शेवटचा बोलका दिवस, आणि तो काही झालं तरी चुकवायचा नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी सीटच्या पट्ट्यांचं निघालं. आदल्या रॅलीत संगमरवराचे व्यापारी बन्सलजी यांच्या भाच्याने खड्ड्यात गाडी आपटून कपाळावर टेंगूळ आणलं होतं. पट्टा गाडीत होता, त्याने लावला नव्हता. त्यावरून नवा नियम करायचं ठरलं, लिहिणारे अर्थात रावच, की पुढच्या दोन्ही सीटना पट्टे नसतील ती गाडी बाद. जुन्या फियाटला पट्टे कुठले! ताईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. चांदपोलपलीकडे शकूरभाईंचं गॅरेज होतं. तिथे दुपारची गाडी नेली, दोन पट्टे विकत आणले आणि बोल्ट मारून पक्के बसवून घेतले. शकूरभाईंनी पट्टा ओढून दाखवला, ताईंनीही ओढून बघितला. मुद्दाम घरी काही बोलल्या नाहीत. मीटिंगमध्येच सगळ्यांना चकित करायचं होतं ना!

मीटिंग क्लबाचे अध्यक्ष कर्नल राठोड यांच्या घरी, सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे. रविवारची दुपार, हिरवळीवर खुर्च्या, प्याज कचोऱ्यांचं ताट. नंदकिशोरराव तिथपर्यंत फियाटमध्येच बसून आले. नवा पट्टा त्यांना दिसला. त्यांनी तो हातात घेतला, खाली वाकून तो गाडीच्या तळाला कुठे बसवलाय ते निरखलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. ताई मनात म्हणाल्या, खूश झाले असणार.

पट्ट्यांचा नियम हां हां म्हणता मंजूर झाला. विरोध करणार कोण? मग बन्सलजींनी हळूच विचारलं, "और भाभीजी की फियाट?"

"लगवा लिए!" ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "दोनों सीट पर. जाके देख लीजिए."

टाळ्या पडल्या. कर्नलसाहेब म्हणाले, "वाह! इसको कहते हैं स्पिरिट." ताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. नंदकिशोररावांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कलम चार," ते म्हणाले.

"कारखान्यातून निघाली तशी असावी," राव पुढे म्हणाले, हिंदीत, पण त्याच त्या कागदी सुरात. "पट्ट्यासाठी सांगाड्याला भोकं पाडून बोल्ट मारलेत. ही जोडणी झाली. गाडी नियमात बसत नाही."

ताईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बन्सलजींच्यासुद्धा हे डोक्यात आलं नव्हतं. साऱ्या क्लबात कुणाच्याच आलं नव्हतं. ज्याला ते सुचलं, तो ताईंच्या घरी जेवत होता.

मग जी जुंपली ती विचारू नका. कर्नलसाहेब म्हणाले, अरे पट्टा म्हणजे काय छप्पर कापणं आहे का, ही तर सुरक्षेची गोष्ट. बन्सलजी म्हणाले, सुरक्षेचंच म्हणाल तर माझे रुंद टायरही सुरक्षेसाठीच आहेत, तेही चालवून घ्या. तिसऱ्याला पुढे लोखंडी गज लावायचा होता, चौथ्याला मोठे दिवे. एका फियाटसाठी दार किलकिलं केलं आणि बाहेर केवढी रांग उभी होती ते दिसलं. कुणी म्हणालं, जुन्या गाड्यांना पट्ट्यातून सूट द्या. त्यावर कुणी म्हणालं, मग जुन्या गाडीत बसणाऱ्याचं डोकं काय दगडाचं असतं? कचोऱ्या थंड झाल्या. शेवटी कर्नलसाहेब थकून म्हणाले, "कारखानीसजी, नियम तुमचा, गाडी तुमची. तुम्हीच सांगा."

"पट्टा नसेल तर नवीन नियमाने बाद," नंदकिशोरराव म्हणाले. "पट्टा असेल तर कलम चारने बाद."

झालं. दोन्ही बाजूंनी कडी लागली, आणि दोन्ही कड्या घरच्याच माणसाने लावलेल्या.

परतताना ताईंनी गाडी नेहमीसारखीच चालवली. बाईला राग आला की तिचा गिअर जास्तच अलगद पडायचा. पानीपेचच्या आसपास त्यांनी विचारलं, "घरी सांगता आलं नसतं का? चार लोकांत माझं हसं करायची काय गरज होती?"

राव खिडकीबाहेर बघत होते.

"गाडी गेली त्याचं मला काही नाही," ताई म्हणाल्या. "माझा दिवस गेला. तुम्हाला कळतंय का? वर्षातून एकदा तुम्ही माझ्याशी बोलता. डावीकडे, उजवीकडे, छान घेतलंस. तेवढ्यावर मी वर्ष काढते. आता औरंगाबादला काय, परत येतो-आलो-पुरे!"

नंदकिशोररावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. घर आलं. ते उतरले आणि जिना चढून गेले.

अनुयाने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "म्हणजे बाबांनीच तुला बाहेर काढलं? हद है!" ताई ट्रंकेत लोकरीचे कपडे भरत होत्या. तो आठवडा घरात रेडिओच काय तो बोलत होता. मधे एके दुपारी गाडी खाली दिसली नाही. शकूरभाईंचा माणूस घेऊन गेला, साहेबांनी सांगितलं होतं, असं वॉचमन म्हणाला. काढून टाकत असतील पट्टे, ताईंनी ताडलं, आणि विचारायलाही गेल्या नाहीत.

रॅलीच्या आदल्या संध्याकाळी कर्नलसाहेबांचा फोन आला. म्हणाले, भाभीजी, स्पर्धेत नाही तर नाही, झीरो कार तुम्ही न्या. झीरो कार म्हणजे सगळ्यांच्या आधी निघणारी गाडी. रस्ता मोकळा आहे ना, घड्याळवाले जागेवर बसलेत ना, एवढंच बघत जायचं. ती स्पर्धेत नसते, तिला कलमं लागू नाहीत. शेजारी कारखानीसजी बसतील, त्यांनी होकार दिलाय.

मानाचं काम होतं, ताई हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आलं. झीरो कारमध्ये गुण नाहीत, वेळ जुळवायची नाही, आकडे सांगायचे नाहीत. रस्ताही नेहमीचाच, डोळे मिटून चालवता येईल असा. मग हा माणूस बोलणार काय? दिवस परत मिळाला होता, पण त्यातलं पुरण काढून घेतलेलं होतं. ताईंना वाटलं, सरळ डोकं दुखतंय म्हणून सांगावं. पण शब्द दिला होता.

सकाळी विद्याधर नगरच्या मैदानावरून फियाट सगळ्यांच्या आधी निघाली. थंडी होती, ताईंनी शाल घेतली होती. पट्टे जागच्या जागी होते. नंदकिशोररावांनी आपला लावला, मग हात लांब करून ताईंचा ओढून बघितला. अजमेर रोड लागला. ट्रक, उंटगाड्या, चहाच्या टपऱ्या. ताईंनी एकदा चोरून शेजारी पाहिलं. ते समोर बघत बसलेले. आहेच, ताई मनात म्हणाल्या. नशीबच आपलं!

बगरूला रस्त्याच्या कडेच्या मैदानात छापलेली कापडं वाळत घातली होती, तांबडी आणि काळी. ती मागे पडली आणि गाडी आडवाटेला लागली.

"सांगलीला असताना," नंदकिशोरराव म्हणाले.

ताईंना वाटलं, वळण आलं. त्यांनी पाय उचलला.

"वळण नाही. सांगतोय. सांगलीला असताना एक फियाट आली होती दाव्याला. आपल्यासारखीच, याच रंगाची. मालकाने बाहेरून पट्टे बसवून घेतले होते. बोल्ट पक्का होता, पण खालचा पत्रा गंजलेला. धडक बसली तेव्हा पट्टा पत्र्यासकट उपटून आला. बाई होती चालवायला." ते थांबले. "वाचली. पण मी तिला बघायला गेलो होतो. तेव्हापासून मी चाकाला हात लावलेला नाही."

ताईंनी गाडी आणखी सावकाश घेतली.

"त्या दिवशी कर्नलच्या घरी जाताना मी खाली वाकून बघितलं. आपल्या गाडीचा पत्राही तसाच होता. माझे हातपाय गार पडले, अलका. कलम चार खरंच आहे. पण ते नसतं तरी मी काहीतरी काढलंच असतं. तुला त्या गाडीत बसू द्यायचं नव्हतं मला."

"मग तसं म्हणायचं ना, अहो!" ताई ओरडल्याच. "पत्रा गंजलाय, मला भीती वाटते, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"मला तसं बोलता येत नाही. कलम येतं." ते खाली बघत म्हणाले. "शकूरकडे मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. गंजका पत्रा कापायला लावला, खालून जाड लोखंडी पट्टी बसवून घेतली. आता हत्ती बांधला तरी उपटणार नाही. आता कलम चारमध्ये ती आणखीच बसणार नाही, पण तू पक्की बसली आहेस."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्ता धूसर दिसायला लागला, म्हणून त्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीला आणली. आणि नंदकिशोरराव बोलत राहिले, कुणीतरी बूच काढल्यासारखे. सांगलीच्या त्या बाईबद्दल बोलले. लग्नात ताईंच्या आत्याने त्यांना काय विचारलं होतं, ते सांगितलं. औरंगाबादला वरचा मजला नको, ताईंचे गुडघे दुखतात, हे त्यांनी कळवून टाकलं होतं म्हणे. "तुम्हाला माझे गुडघे माहीत आहेत?" ताईंनी विचारलं. "आवाज येतो ना, जिना चढताना," ते म्हणाले.

मागून हॉर्न ऐकू आला. ताईंनी आरशात पाहिलं तर बन्सलजींची चकचकीत नवी गाडी. बन्सलजी आ वासून बघत होते. स्पर्धेतली पहिली गाडी झीरो कारला मागून येऊन गाठते, असं या क्लबात कधी घडलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना वेळ पाळायची होती. ते बाजूने पुढे निघून गेले, त्यांच्यामागून दुसरी गाडी गेली, तिसरी गेली. रस्ता मोकळा आहे हे बघायला निघालेली फियाट जोबनेरला शेवटच्या गाडीच्याही मागून पोचली.

कर्नलसाहेब हातात घड्याळ घेऊन उभे होते. मिशा थरथरत होत्या. "कारखानीसजी! काय झालं? पंक्चर?"

"नाही," नंदकिशोरराव म्हणाले.

"इंजिन?"

"नाही. बोलत होतो."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग बन्सलजी हसले आणि सगळं मैदान हसायला लागलं. ताई लाजून दाल-बाटीच्या पातेल्याकडे निघून गेल्या. कर्नलसाहेबांनी मान हलवत सांगितलं, की जयपूर सोडण्याआधी झीरो कारसाठीही एक कडक कलम लिहून द्या. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा," राव म्हणाले आणि ताटली घेऊन बायकोच्या शेजारी जाऊन बसले.

दुपारी कालवाड रोडने ते परत निघाले. नंदकिशोरराव आता आजोळच्या विहिरीवर आले होते. एका मे महिन्यात ते तिच्यात पोहायला शिकले होते, ती गोष्ट बरीच लांबत चालली होती. झोटवाडा गेला. पुढे विद्याधर नगरला जायचं डावं वळण आलं. ताईंनी ते पाहिलं आणि गाडी सरळ जाऊ दिली. रावांनीही पाहिलं. वाट सांगणं हेच ज्याचं काम, त्या माणसाने वळण मागे पडताना नीट वळून बघितलं.

"तर मामाने मला कमरेला दोर बांधून आत सोडलं," ते म्हणाले.